एक तास वीस मिनिटांचं अंतर

पुणे ते बंगलोर हा विमानप्रवास एक तास वीस मिनिटांचा आहे असं वेळापत्रकात छापलेलं असतं. मला तो घरापासून घरापर्यंत नऊ तास दहा मिनिटं पडला. त्यात मी मद्रासलाही जाऊन आलो, मद्रासला जायचा माझा काहीही विचार नसताना. ज्यांना या मार्गाने जायचं आहे त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहीत आहे. ज्यांना जायचं नाही त्यांनी नुसतं वाचावं, त्रास काही नाही.

आधी माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर मी विमानात जे काही केलं ते वेडेपणाचं वाटेल. मी जमीन मोजणी खात्यात चौतीस वर्षं भूमापक होतो. आमच्याकडे एक शिस्त असते. मोजणीला बसण्यापूर्वी जमीन एकदा पायाखालून घालायची. ओढा कुठे आहे, बाभळी कुठे आहेत, कुणाचं कुत्रं चावतं आणि कुणाचं नुसतं भुंकतं, हे बघून यायचं आणि मगच साखळी बाहेर काढायची. निवृत्त झालो तरी ही खोड गेली नाही. लग्नाला जायचं असलं तरी मी आदल्या दिवशी कार्यालय बघून येतो. घरच्यांनी यावर बोलून बोलून आता हात टेकले आहेत.

आमची एकुलती मुलगी मेधा बंगलोरला असते. जावई प्रसाद मूळ नागपूरचा, बंगलोरला कॉम्प्युटरच्या कंपनीत. मेधाला सातवा महिना चालू होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे ठरवावं लागत नाही, ते ठरलेलंच असतं. कुमुदने, म्हणजे माझ्या पत्नीने, डिंक आणून ठेवला होता, अळीव निवडून ठेवले होते, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून झाली होती. प्रश्न एवढाच होता की मुलीला आणायचं कसं. आगगाडीचे वीस-बावीस तास नकोत. मोटार तर नकोच. राहिलं विमान. आठव्या महिन्यात मुलीला हलवायचं नाही हा कुमुदचा नियम, आणि नवव्यात विमानवाले घेत नाहीत हा त्यांचा नियम. दोन्ही नियम पाळायचे तर आमच्याकडे बरोबर दोन आठवडे उरले होते.

मी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी लावली. सरळ रेषेत साधारण सातशे चाळीस किलोमीटर. "ऐंशी मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो.

कुमुद डिंक तळत होती. ती वळली नाही. "तुमच्या पट्टीवर मी माझी पोरगी नाही आणायची," ती म्हणाली. "तुम्ही आधी एकटे जाऊन या. दारापासून दारापर्यंत. काय काय होतं ते सगळं लिहा. मग मला सांगा आणायचं की नाही. तुम्ही सांगाल ते मी ऐकीन."

शेवटचं वाक्य लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मी पहिल्यांदाच ऐकत होतो. म्हणून मला त्याची जास्त भीती वाटली.

लोहगाव

पहाटे साडेपाचला घर सोडलं. लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा. प्रवासी विमानं तिथे पोटभाडेकरूसारखी राहतात. बंगलोरचा विमानतळही असाच, तो विमानांच्या कारखान्याचा आहे. म्हणजे एका भाडेकरूच्या घरून निघून दुसऱ्या भाडेकरूच्या घरी उतरायचं. त्यामुळे एकंदरीत सगळेजण जरा दबकून बोलतात.

सुरक्षा तपासणीत माझा डबा अडला. आत डिंकाचे लाडू होते. यंत्रावर ते कसे दिसले मला ठाऊक नाही, पण दोन जवानांनी तिसऱ्याला बोलावलं आणि तिसऱ्याने मला.

"ये क्या है?"

"लड्डू है. मेरी लडकी के लिए."

"एक खाके दिखाओ."

मी त्यांच्यासमोर उभा राहून एक लाडू खाल्ला. डिंकाचा लाडू घाईत खायची वस्तू नव्हे. सात मिनिटं लागली. मागे रांग थांबली होती. खाऊन झाल्यावर त्यांनी माझ्याकडे आणखी दोन मिनिटं नुसतंच बघितलं, काही होतंय का म्हणून. मग डबा परत दिला. टिपणवहीत लिहिलं: तपासणी, लाडवासह, नऊ मिनिटं. येताना मेधाबरोबर लाडू नसतील, ती नऊ मिनिटं वजा.

विमानात शेजारी एक गृहस्थ होते. पांढरी मिशी, अंगात बंद गळ्याचा स्वेटर. देशपांडे नाव. चाळीस वर्षांपूर्वी सांगलीहून बंगलोरला विमानाच्या कारखान्यात नोकरीला गेले आणि तिथलेच झाले. आपल्याला सगळे अण्णा म्हणतात, तुम्हीही म्हणा, असं त्यांनी पट्टा लावता लावताच सांगून टाकलं.

मी त्यांना विचारलं, "अण्णा, सातशे चाळीस किलोमीटर अंतर. विमान ताशी आठशेने जातं म्हणतात. मग तास पण लागायला नको. वरची पंचवीस मिनिटं कसली?"

ते खूश झाले. एवढा चांगला प्रश्न त्यांना बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नसावा. "असं बघा सार," ते म्हणाले, "छापतात ती वेळ आकाशातली नव्हेच. चाकाखालचे ठोकळे काढले, तेव्हापासून मोजायचं. तिकडे उतरून चाकाखाली पुन्हा ठोकळे लावले, की संपलं. मधलं जमिनीवर फिरणं, थांबणं, स्वल्प इकडे, स्वल्प तिकडे, सगळं त्यात येतं. आकाशात तुम्ही पाऊण-एक तासच असता."

"आणि घरापासून ठोकळ्यापर्यंत?"

"ते तुमचं तुम्ही बघायचं, सार."

हे उत्तर मी शब्दशः लिहून घेतलं.

विमान वर स्थिर झाल्यावर मी कामाला लागलो. स्वच्छतागृहात जाऊन वीत लावून रुंदी घेतली. दार आत की बाहेर उघडतं ते पाहिलं. अर्धं आत, अर्धं कुठेच नाही. सात महिन्यांच्या बाईने त्यात वळायचं कसं, हे मी स्वतः तीनदा वळून पाहिलं. बाहेर आलो तेव्हा हवाई सुंदरी दाराशी उभी होती. "आर यू ऑलराइट, सर?" तिने विचारलं. मी म्हटलं, मेझरिंग. त्यानंतर ती माझ्यावर नजर ठेवून होती.

तिच्याकडूनच मी एक उशी मागून घेतली. उशी स्वेटरच्या आत पोटावर सारली आणि वरून पट्टा लावला. पट्टा बसला, आठ बोटं शिल्लक राहिला. मी समोरचा ट्रे उघडून पाहिला, तो उशीला अडला. म्हणजे मेधाला ताट मांडीवर घ्यावं लागेल. लिहिलं. मान वर केली तर अण्णा माझ्या पोटाकडे पाहत होते.

"मुलीचं आहे," मी म्हणालो.

"सरी, सरी," म्हणजे बरं बरं, असं अण्णा म्हणाले, आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले. मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी दुसरी उशी आणायला सांगितली. सातव्यात एक उशी कमी पडते, असं त्यांचं मत. त्यांना तीन मुली होत्या.

मद्रास, नाइलाजाने

नऊ वाजता आम्ही बंगलोरवर होतो. खाली बंगलोर नव्हतं. पांढरं धुकं होतं, वाटीतल्या सायीसारखं सपाट. त्याच्यावर आम्ही गोल गोल फिरलो. पस्तीस मिनिटं मी मोजली. मग वैमानिकाने सांगितलं की उतरता येत नाही, आपण मद्रासला जात आहोत.

विमानात कुणाला फारसं काही वाटलं नाही. एकाने पेपरची घडी उलटली. अण्णा म्हणाले, "डिसेंबरात असं होतं, सार. धुकं कोणाचं ऐकतं?" मला मात्र घाम फुटला. मी उशी पोटावरून काढली नव्हती, ती तेव्हा काढली.

मद्रासला आम्हाला खाली उतरवलं नाही. विमानातच अडीच तास बसलो. उकडत होतं. पुण्याहून अंगात घातलेला स्वेटर मांडीवर आला. इडली आणि थंड उपमा मिळाला. दहा रांगांमागे एक लहान मूल अखंड रडत होतं. त्याची आई त्याला घेऊन मधल्या वाटेवरून येरझाऱ्या घालत होती आणि लोक पाय आत घेत होते. स्वच्छतागृहापुढे रांग लागली होती. मी त्या रांगेत मेधाला उभं करून पाहिलं. पाय सुजलेले, हात कमरेवर. मग मला वही मिटावी लागली.

आता हे सांगून टाकतो. मेधाच्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता. माझी नेमणूक कऱ्हाडला होती, कुमुदचं माहेर चिपळूणला. पहिलं बाळंतपण माहेरी. तिला आठवा लागला होता. तिच्या मनात जायचं नव्हतं. अंग जड झालंय, भीती वाटते, असं ती दोनदा म्हणाली. माझी मोजणी चालू होती, मला रजा नव्हती. मी नकाशा काढला, त्यावर दोरा लावला, घाटाची वळणं धरून मैल मोजले आणि तिला म्हणालो, "साडेतीन तासांचा तर रस्ता आहे. त्यात काय होणार?" तिच्या धाकट्या भावाबरोबर तिला गाडीत बसवलं. गाडी कुंभार्ली घाटात बंद पडली. दुसरी गाडी मिळून ती चिपळूणला पोचेपर्यंत अकरा तास झाले. त्याच रात्री बाळ झालं, ते गेलेलंच. मी तिसऱ्या दिवशी पोचलो. मला दाखवायलाही काही राहिलं नव्हतं.

कुमुदने मला कधी बोल लावला नाही. एका शब्दाने नाही. मेधाला आम्ही यातलं काहीच सांगितलं नाही, आणि आपसांतही हा विषय पुन्हा काढला नाही. पण तेव्हापासून मी अंतर सांगताना दोनदा मोजतो, आणि ती मी सांगितलेलं कधीच खरं मानत नाही. मद्रासच्या धावपट्टीवर घामाने निथळत बसलो असताना मला कळलं की तिने मला एकट्याला पुढे का धाडलं. मला फार वाईट वाटलं. अण्णांना दिसू नये म्हणून मी तोंड खिडकीकडे केलं.

सव्वा वाजता बंगलोरला उतरलो. चाकाखाली ठोकळे लागले ते मी स्वतः खिडकीतून पाहिलं.

मल्लेश्वरम

प्रसाद विमानतळावर येऊन अकरा वाजेपर्यंत थांबला होता आणि मग कामावर गेला होता. त्याचं ऑफिस तिथून जवळच, मारतहळ्ळीच्या बाजूला. मी रिक्षा केली. रिक्षात बसल्या बसल्या अण्णांनी शिकवलेलं वाक्य म्हणालो, "स्वल्प निधान." म्हणजे जरा सावकाश. रिक्षावाल्याने मान डोलावली, "सरी, सार," म्हणाला आणि सुसाट निघाला. विमानतळ ते मल्लेश्वरम एकतीस गतिरोधक आहेत. त्यांतले चार रंगवलेले नाहीत, ते डोकं टपाला लागल्यावर कळतात.

मेधा वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. खाली मालकीण सुंदरक्का. मराठीच, पण त्यांच्या चार पिढ्या तिकडे झालेल्या. सत्तरीच्या, कपाळाला ठसठशीत कुंकू, कमरेला किल्ल्या. मी फाटक उघडलं तशा त्या पायरीवरूनच म्हणाल्या, "आलात की हो भाऊ! विमान कुठं गेलं म्हणून पोरगी गाबरी झालेली. मीच म्हटलं, पुण्याला फोन करू नको, आई भिईल. आधी स्वल्प सारु-भात खाऊन घ्या, मग बोला."

मेधा मागे उभी होती. पोट चांगलंच पुढे आलं होतं. देशपांडे अण्णांचं बरोबर होतं, दोन उशा. "काय बाबा, मद्रास फिरून आलात म्हणे!" ती म्हणाली आणि हसली. चेहऱ्यावरून दिसत होतं की सकाळभर रडली असणार.

सुंदरक्कांचा मिऱ्याचा सारु प्यायल्यावर माझे कान मोकळे झाले, जे मद्रासपासून बंद होते. बाळंतिणीला आमच्याकडे हाच देतात, त्या म्हणाल्या, आणि शेपू, आणि भरपूर लसूण. मी म्हटलं, शेपू आमच्याकडेही, आणि वर बाळंतशेपा चघळायला. डिंक मात्र त्यांना पटेना. डब्यातला लाडू त्यांनी हातात घेऊन वजन केलं. "हे बाळंतिणीनं खायचं? दात राहतील का तिचे?" मग त्यांनी एक खाल्ला, आणि संध्याकाळी आणखी एक मागून नेला.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून घरी फोन केला. पहिल्याच घंटेला कुमुदने उचलला.

"किती वाजता पोचलात?"

मी तोंड उघडलं. वही खिशात होती. "पोचलो वेळेवर," मी म्हणालो. "काही त्रास नाही."

"खरंच?" तिचा आवाज एकदम हलका झाला. "बरं झालं बाई. मग मंगळवारी आणता ना तिला? मी खोली सारवून... म्हणजे, आपलं, पुसून ठेवते. पलंग खिडकीशी घेतलाय."

मी हो म्हटलं. बूथमधून बाहेर आलो आणि फुटपाथवर थोडा वेळ नुसता उभा राहिलो. मला माझी लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेधाबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तपासलं, प्रवासाला हरकत नाही असं प्रमाणपत्र लिहून दिलं, पण दहा दिवसांच्या आत, आणि बरोबर कुणीतरी हवं. मंगळवारची दोन तिकिटं प्रसादने काढून आणली. त्याचं सगळं चोख. "बाबा, डोंट वरी, आयल सीट घेतलीय, व्हीलचेअर पण सांगितलीय," तो म्हणाला. "परवाचं ते फॉग वगैरे रेअर असतं हो. रोज थोडीच होतं?" तो परवा म्हणाला, झालं होतं कालच. मुलगा चांगला आहे, वेळेच्या बाबतीत सैल आहे.

परतताना बाजारातून आलो. मल्लेश्वरमच्या बाजारात फुलांच्या माळा हाताने मोजून विकतात. बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत एक मोळ. चौतीस वर्षं मापात काढलेल्या माणसाला हे बघवत नाही. मी तीन बायकांच्या माळा मोजल्या, तिघींचा मोळ वेगळा. चौथी उंच होती, तिच्याकडून घ्या, असा माझा सल्ला आहे. मेधा शेजारी उभी राहून हसत होती. एकीने कन्नडमध्ये काहीतरी विचारलं आणि मेधाच्या पोटाकडे बघून दोन बोटं माळ जास्त सोडली, वर बोटं मोडून दृष्ट काढली.  ती दोन बोटं कुठल्या मापात बसवायची मला कळलं नाही.

दुपारी मेधा बॅग भरायला बसली. मी खाटेवर बसून तिला वस्तू देत होतो. ती आनंदात होती. आईच्या हातचं हे खायचं, ते खायचं, असं चाललं होतं. तिला किती जायचं होतं ते मला त्या वेळी कळलं, आणि त्यामुळे सगळं आणखीच अवघड झालं.

"बाबा, तुम्ही कालपासून गप्प का?" तिने विचारलं. "भीती वाटतेय तुम्हाला? अहो, एक तास वीस मिनिटं तर आहेत. त्यात काय होणार?"

मी हातातलं दुपटं खाली ठेवलं. हे वाक्य माझं होतं. आकडा तेवढा वेगळा.

मग मी तिला सांगितलं. कऱ्हाड, घाट, अकरा तास, सगळं. मला नीट सांगता येईना. मध्येच मी घाटाची वळणं किती होती ते सांगू लागलो. तिने मला थांबवलं नाही. माझं बोलून झाल्यावर ती बराच वेळ बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली.

"मला दादा होता?"

"होता."

"नाव काय ठेवलं होतं?"

"नाव नव्हतं ठेवलं."

मला रडू आलं. मुलीसमोर मी आजवर कधी रडलो नव्हतो, त्यामुळे मला ते नीट जमलंही नाही, खोकल्यासारखं काहीतरी झालं. मेधा जड अंगाने उठली आणि माझ्याशेजारी येऊन बसली. तिने माझी वही उघडली. पहिल्या पानापासून वाचली. लाडू, उशी, पस्तीस मिनिटं घिरट्या, अडीच तास मद्रास, एकतीस गतिरोधक. शेवटी बेरीज. "हे आईला सांगितलंत?"

"नाही. वेळेवर पोचलो म्हणालो."

"बाबा!"

"आता सांगतो," मी म्हणालो आणि चपला घातल्या. "तू नको येऊस मंगळवारी. रोज धुकं पडत नाही, ते मलाही कळतं. पण तू नको येऊस."

ती रागावेल असं वाटलं होतं. ती नुसती म्हणाली, "आणि आई? तिने सगळं करून ठेवलंय. मला आई हवी आहे, बाबा. मी काय एकटीने..." 

बूथवर माझ्या आधी एक माणूस कुणाशी तरी कन्नडमध्ये भांडत होता. तो संपेपर्यंत माझी सगळी वाक्यं तयार करून झाली. फोन लागल्यावर त्यांतलं एकही आठवलं नाही.

"कुमुद, मी काल खोटं बोललो," मी म्हणालो. "नऊ तास दहा मिनिटं लागली. विमान मद्रासला नेलं होतं. डॉक्टर हो म्हणतात, तिकिटंही काढलीत. पण मी तिला आणत नाही. राहू दे तिला इथेच. तिला जायचं आहे, तरी मी नको म्हणतो."

 फोन कट झाला असं वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"ऐकतेय मी," ती म्हणाली. 

मी वाट पाहिली. ती रडेल, किंवा ओरडेल, पलंग खिडकीशी घेतलाय म्हणेल, माहेरी नाही आणली तर लोक काय म्हणतील असं काहीतरी म्हणेल. तिने ते म्हणावं अशी माझी तयारी होती.

"तुम्ही नको म्हणताय," ती म्हणाली.

"हो."

"बरं. मग माझं तिकीट काढा."

"तुझं? विमानाचं?"

"मग काय चालत येऊ? डिंक इथे आहे, अळीव इथे आहेत. तिला हलवायचं नाही ना? नका हलवू. मी येते."

आजवर ती कधी विमानाच्या जवळपासही गेली नव्हती. मी तिला उशी, ट्रे, स्वच्छतागृहाचं दार याबद्दल सांगू लागलो, तर तिने फोन ठेवला.

कुमुदचं विमान

पुढचं थोडक्यात. कुमुद शुक्रवारी एकटी आली. आकाश स्वच्छ होतं. तिचं विमान वेळेच्या पाच मिनिटं आधी उतरलं. माझ्या सबंध वहीवर पाणी पडलं. मंगळवारचं विमानही वेळेवर गेलं होतं, मी चौकशी करून ठेवली आहे. मेधाला आणलं असतं तर ती दुपारी जेवायला पुण्यात असती. हे मला माहीत आहे, कुणी दाखवून देऊ नये.

कुमुदला तपासणीत कुणीही लाडू खायला लावला नाही. प्रवास कसा झाला विचारल्यावर ती म्हणाली, "बरा होता. चहा बेकार." सुंदरक्का आणि ती यांच्यात पहिले दोन दिवस बाळंतिणीला काय द्यायचं यावरून थंड युद्ध झालं. तिसऱ्या दिवशी दोघी शेपू निवडत एकाच पायरीवर बसलेल्या दिसल्या. सुंदरक्का सांगत होत्या आणि कुमुद हुं हुं करत होती. माहेर म्हणजे गाव नव्हे, माणसं, असं काही कुणी बोललं नाही. सुंदरक्का एवढंच म्हणाल्या, "आई आली ना, मग झालं माहेर. बाकीचं स्वल्प इकडं तिकडं चालायचंच."

मेधाचे दिवस पूर्ण भरले आणि एका सकाळी, साडेदहाच्या सुमाराला, तिला मुलगी झाली. वजन चांगलं, आवाज त्याहून चांगला. प्रसाद आत होता. मी आणि कुमुद बाहेर बाकावर बसलो होतो. कँटीनमधून मी दोन स्टीलच्या पेल्यांत कॉफी आणली. तिकडे कॉफी एवढी गरम देतात की प्यायच्या आधी काही वेळ तिच्याकडे बघावं लागतं.

कुमुदने पदराने पेला धरला होता. कॉफीवर फुंकर घालत, समोर भिंतीकडे बघत ती म्हणाली, "तेव्हा एकदा 'नको जाऊस' म्हणाला असतात ना, तर मी राहिले असते."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"मी वाट बघत होते. गाडी सुटेपर्यंत."

हे मला माहीत नव्हतं.  तिने दोन घोट घेतले, मग आणखी दोन. पेला खाली ठेवला, पदर सारखा केला आणि आत गेली. मी बाकावर बसून राहिलो. आत जायचा मला काय अधिकार, असं काहीतरी तेव्हा डोक्यात चाललं होतं.

दार पुन्हा उघडलं. तिने मान बाहेर काढली. डोळे लाल होते आणि चेहरा नेहमीसारखा वैतागलेला.

"बसलात काय?" ती म्हणाली. "या की, बघा तरी."